सिव्हिल झाल्यावर नगर नियोजनात एम.प्लॅन / एम.टेक. करावं का? (वय 28, सांगली)

कृष्णाकाठचा यांनी लिहिलं:

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. सिव्हिल झालंय. सध्या पाणीपुरवठ्याच्या कामावर एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. पाइप टाकून घ्यायचे, टेस्टिंग घ्यायचं, एमबी (मोजमाप पुस्तक) लिहायची, बिलामागे फिरायचं. पगार वेळेवर होतो, एवढंच त्या नोकरीचं कौतुक.

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. इशारा पातळी 40, धोका 45. नदी उतरली, गणपती आले, तरी शामरावनगरकडच्या सखल भागात पाणी काही हलेना. तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे: ही वस्ती इथे बसली कशी? काळी माती, ओढ्याचा उतार, आणि त्यावर गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट. ड्रेनेजचं डिझाइन मला येतं, पण पाणी जायला वाटच ठेवली नसेल तर पाइप कितीही इंची घाला, उपयोग काय? आमच्या साहेबांना हे विचारलं तर म्हणाले, "ते टाउन प्लॅनिंगवाल्यांचं काम, आपलं खोदायचं."

तर विचार असा आहे की गेट (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) देऊन नगर नियोजनात पदव्युत्तर करावं. पण जेवढं वाचतो तेवढा गोंधळ वाढतोय. एम.प्लॅन आणि एम.टेक.मध्ये फरक काय? अर्बन घ्यायचं की रीजनल? आर्किटेक्ट पोरांसमोर आपला टिकाव लागतो का? मला चित्र काढता येत नाही, हात अगदी दगड आहे. जर्मनीत फी नसते म्हणतात, तो मार्ग कसा? आणि मुख्य म्हणजे, बाहेर पडल्यावर काम काय मिळतं? वडील एसटीतून निवृत्त झालेत, घरात लग्नाचा विषय रोज जेवताना निघतो. दोन वर्षं नोकरी सोडायची तर घरी सांगायला काहीतरी ठोस लागेल.

ज्यांनी हे शिक्षण घेतलंय किंवा त्या खात्यात काम केलंय त्यांनी लिहावं. युट्यूबवाले सगळे पॅकेजच सांगतात.

---

सरळमार्गी यांनी लिहिलं:

भाऊ, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? एमपीएससीच्या सहायक नगर रचनाकार पदाला सिव्हिलची पदवी चालते. पदव्युत्तरची अट नाही. दोन वर्षं शिकण्यात घालवण्यापेक्षा तीच दोन वर्षं अभ्यासिकेत घाल, पास झालास तर थेट गट ब राजपत्रित. नाही झालास तर नोकरी आहेच. मी स्वतः तयारी करतोय. जागा निघतात तेव्हा निघतात, हा एक ताप आहे, पण तो तर सगळ्याच पदांना आहे.

एम.प्लॅन करून आलेले दोघे आमच्याच अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर बसतात. यावरून काय ते समज.

---

जुना_टीपी यांनी लिहिलं:

कृष्णाकाठ, एकेरीत लिहितो, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. नगर रचना खात्यात हयात गेली. सिव्हिल करून लागलो, पदव्युत्तर नंतर केलं. आता घरी असतो, त्यामुळे लांबण लागली तर चालवून घे.

सरळमार्गी यांनी लिहिलंय त्यात चूक काही नाही. खात्यात शिरायला नियोजनाची पदवी लागत नाही. रचना सहायकाला तर पदविकाही चालते. आता याला सोय म्हणायचं की दुखणं, ते ज्यानं त्यानं ठरवावं. आर्किटेक्टला 1972 चा कायदा आहे, कौन्सिल आहे. नोंदणी नसताना पाटी लावली तर कारवाई होते. नियोजकाला तसलं कवच नाही. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स ही संस्था 1951 पासून आहे, तिचं सभासदत्व मिळतं, त्याला मान आहे, पण कायद्याची मोहर नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात आकडा आहे: राज्यांच्या नियोजन खात्यांत नगररचनाकारांची मंजूर पदं 3,945, त्यातली 42 टक्के रिकामी. म्हणजे माणसं हवीत, जागा मंजूर आहेत आणि भरती होत नाही. घरी सांगायला ठोस हवंय म्हणतोस, तर वडिलांना हेही सांग. गोड गोड सांगून नेलेला मुलगा दुसऱ्या वर्षी रडतो.

मग शिकायचं कशाला? मी माझ्यापुरतं सांगतो.

विकास योजनेचा नकाशा बघितलायस कधी? महापालिकेत भिंतीवर असतो तो. प्रारूप योजनेचा कागद साधारण 1:4000 चा धर. त्यावर पेनची रेघ 1 मिलिमीटर जाडीची आली तर जागेवर ती 4 मीटर असते. प्रादेशिक योजनेचा कागद 1:10000 चा असेल तर तीच रेघ 10 मीटर. चार मीटरमध्ये एक गोठा बसतो. हे गणित तुला आत्ता वाचताच कळलं, पण त्याची धग कळायला सुनावणीत बसावं लागतं.

एका नगरपरिषदेची योजना होती, गाव सांगत नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना कायद्याच्या कलम 26 खाली प्रारूप प्रसिद्ध झालं, 30 दिवसांत हरकती-सूचना आल्या, नियोजन समिती बसली. एक शेतकरी आला. सोबत सातबारा, आठ-अ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला फाळणी नकाशा. त्याच्या गटातून 18 मीटरचा रस्ता जात होता. बाकी काही बोलला नाही, एवढंच विचारलं, "माझी विहीर रस्त्यात हाय का रस्त्याच्या कडंला?" आम्ही सगळे त्या कागदावर वाकलो. रेघ विहिरीच्या टिंबावरूनच गेलेली. कोणीतरी म्हणालं, कडेला आहे. कोणी म्हणालं, अर्धी आत. शेवटी भूमी अभिलेखकडून टिपण आणि गुणाकार बुक (जुन्या मोजणीच्या नोंदी) काढलं, बांधावरच्या दगडापासून मापं घेतली. विहीर वाचली. गोठा गेला. त्यानं पुन्हा विचारलं, "मग गोठ्याचं काय?" त्याला मोबदल्याचे तीन मार्ग सांगितले: रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर भूसंपादन कायदा. त्या छोट्या गावात टीडीआर विकत घ्यायला बिल्डर कुठून येणार, हे तोही जाणून होता आणि आम्हीही.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. वर्गात तुला लोकसंख्येचे अंदाज शिकवतील, अंकगणिती, भूमितीय, वाढत्या वाढीची पद्धत. (2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून 2011 चा आकडा ताणून ताणून वापरतात, तो भाग वेगळा.) माणशी किती चौरस मीटर बाग, किती लोकसंख्येला एक शाळा, ही मानकं शिकवतील. त्यावरून आरक्षणं टाकायला शिकशील. पण आरक्षण टाकलं की 10 वर्षं ती जमीन अडकते, मग मालक कलम 127 ची खरेदी सूचना देतो, आणि सूचनेनंतर 24 महिन्यांत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. तिजोरीत पैसा नसताना कागदभर हिरवं रंगवलं तर त्या बागा कागदावरच राहतात. हे गणित ज्या संस्थेत पहिल्या सत्रात सांगतात ती संस्था चांगली. जिथे शेवटच्या सत्रात पाहुण्या व्याख्यात्याकडून तासाभरात उरकतात तिथे जाऊ नकोस. मुलाखतीला किंवा संस्था बघायला गेलास तर हेच विचार: कायदा कोण शिकवतं, किती तास, आणि स्टुडिओला (प्रत्यक्ष जागेवरच्या प्रकल्पाला) कुठलं गाव घेतलं होतं. भिंतीवरचे नकाशे बघ. ते रंगीत, देखणे असतील, त्यांच्यावर भुलू नकोस. त्यावर गट नंबर आहेत का ते बघ.

चित्र येत नाही म्हणतोस, ते मनातून काढ. आता सगळं जीआयएसवर, म्हणजे संगणकावरच्या नकाशांवर आहे. क्यूजीआयएस फुकट मिळतं, आजपासून हात बसव.

अर्बन की रीजनल यावर माझं मत इतरांपेक्षा वेगळं पडेल. बहुतेक जण तुला अर्बन घे म्हणतील, नोकऱ्या तिथे जास्त म्हणून. पण तू जो प्रश्न घेऊन आलायस तो सांगली महापालिकेच्या हद्दीत सुटणारा नाही. वर कोयना, हरिपूरला वारणा येऊन मिळते, खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, त्याच्याही खाली कर्नाटकात अलमट्टी. विकास योजना महापालिकेच्या वेशीवर संपते, पाणी वेस मानत नाही. यासाठी आपल्या 1966 च्या कायद्यात प्रादेशिक योजना आहे, शहराच्या योजनेआधीचं प्रकरण तिचंच. 2019 च्या पुरावरचा वडनेरे समितीचा अहवाल मिळव आणि वाच. वाचताना कंटाळा आला तर अर्बन घे. नाही आला तर तुझी शाखा कुठली ते मला विचारायची गरज नाही.

---

भूगोलवाली यांनी लिहिलं:

जुना टीपी काका, गोठ्याची गोष्ट वाचून आमच्या सरांची आठवण झाली. तेही असंच "गोठ्याचं काय?" विचारून जुरीत (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात) पोरांना घाम फोडायचे.

कृष्णाकाठ दादा, मी भूगोलात एम.ए. करून एम.प्लॅनला गेले. तुमच्यापेक्षा वाईट अवस्था: ना ड्रॉइंग, ना ऑटोकॅड. वर्गात निम्मे आर्किटेक्ट, काही सिव्हिल, एक-दोघे अर्थशास्त्राचे. पहिलं सत्र सगळ्यांचं एकत्र. पहिला महिना मी रडकुंडीला आलेले, कारण आर्किटेक्ट पोरं रात्रीत दहा शीट्स उभी करायची. मग जनगणनेचे तक्ते आले आणि पारडं फिरलं. कुठल्या वॉर्डात किती घरांना नळ, किती मुख्य कामगार, किती सीमांत, हे तक्ते त्यांना जड गेले. टोपोशीट तर त्यांनी पाहिलीच नव्हती. उतार कुठल्या दिशेला आहे ते समोच्च रेषांवरून मी सांगायचे आणि ते रंगवायचे. सिव्हिलवाल्यांची किंमत नाल्याच्या पाहणीत कळली. चेंबरचं झाकण उघडून "याची इन्व्हर्ट लेव्हलच (पाइपच्या तळाची पातळी) उलटी आहे" असं सांगणारा माणूस गटात एकच होता. तुम्ही तो असाल.

स्टुडिओ म्हणजे काय, ते एका उदाहरणात सांगते. जमीन वापराची पाहणी करायला आम्हाला जुन्या शहरातली एक पेठ दिली होती. रंग ठरलेले असतात: राहतं घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा, शाळा-देऊळ-दवाखाना लाल, बाग हिरवी. हातात छापील नकाशा आणि पेन्सिली. एका वाड्यासमोर येऊन आमचा गट थबकला. खाली पिठाची गिरणी, तिच्या मागे मालकाचं स्वयंपाकघर, जिन्याखाली इस्त्रीवाला, वर शिकवणी, त्याच्या वर भाडेकरू. आणि अंगणात म्हसोबा, त्याला रोज नारळ. रंग कुठला? एक म्हणाला निळा, दुसरी म्हणाली मिश्र वापराचा पट्टा मार. गिरणीवाल्या आजोबांनी आमचं भांडण ऐकून विचारलं, "नकाशात लिवल्यावर गिरणी बंद करणार का?" आम्ही नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग लिवा काय बी." संध्याकाळी सरांनी मजल्यागणिक वेगवेगळा तक्ता करायला लावला, तेव्हा कुठे त्या पेठेत राहती घरं किती आणि धंदे किती ते कळलं. एकच रंग मारला असता तर निम्मी माणसं नकाशातून गायब होती.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. एम.प्लॅन आणि एम.टेक. हा फरक बराचसा संस्थेच्या घडणीचा आहे. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात नगर व ग्राम नियोजनात एम.टेक. आहे, नागपूरला व्हीएनआयटीमध्ये अर्बन प्लॅनिंगचं एम.टेक. खरगपूर आयआयटी एमसीपी देते, रुरकी एमयूआरपी, याही नियोजनाच्याच पदव्युत्तर पदव्या. दिल्लीच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) एम.प्लॅन, आणि तिथे अर्बन, रीजनल, गृहनिर्माण, वाहतूक, पर्यावरण अशा वेगळ्या शाखा आहेत. काका म्हणतात तसं रीजनल हवं असेल तर दिल्लीचा विचार करा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचा स्टुडिओ दमदार, पण फी आधी बघा, मग स्वप्नं. गुजरातेत टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम खरोखर राबवतात, त्यामुळे तिथल्या मुलांना सगळ्यांच्या जमिनी एकत्र घेऊन, रस्ता-बाग काढून, उरलेले अंतिम भूखंड परत वाटण्याचं काम जवळून बघायला मिळतं. आपल्या कायद्यातही ते आहे. मुंबई इलाख्याचा 1915 चा कायदा त्यासाठीच होता. मधली कित्येक वर्षं आपण ते जवळजवळ विसरलो. आता नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र) आणि पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माणमुळे पुन्हा कानावर येतंय.

गेटवर प्रवेश मिळाला आणि विद्यावेतन लागू झालं तर महिना 12,400 रुपये येतात. हॉस्टेलचं जेवण, झेरॉक्स आणि प्लॉटरचं बिल त्यात निघतं. प्लॉटरचं बिल हसण्यावारी नेऊ नका.

मला नोकरी सल्लागार कंपनीत मिळाली. काम म्हणाल तर केंद्राच्या अमृत योजनेमधल्या जीआयएस आधारित विकास योजनांचं. बेस मॅप, पाहणी, अहवाल. गावोगावी फिरणं भरपूर. पगार तुमच्या ठेकेदारापेक्षा बरा असेल, आयटीतल्या मित्राच्या निम्माही नसेल. निविदा संपली की पुढच्या निविदेपर्यंत धाकधूक. हेही घरी सांगा.

---

रूरकाठ यांनी लिहिलं:

जर्मनीचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. डोर्टमुंडला स्प्रिंग नावाचा इंग्रजीतला कोर्स आहे, प्रादेशिक नियोजनाचाच. पहिलं वर्ष इथे, दुसरं भागीदार विद्यापीठात. डाड या जर्मन संस्थेच्या ज्या शिष्यवृत्तीवर बरेच जण येतात तिला किमान 2 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी 6 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. कृष्णाकाठ, तुमची पदवी कधीची आहे ते आधी मोजा, उशीर करू नका. वर्गात आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका असा सगळा गोतावळा असतो आणि प्रत्येकाच्या देशात पूररेषेत वस्ती असते, त्यामुळे चर्चा रंगतात. पण सातबारा आणि गुंठेवारी इथे कोणी शिकवणार नाही. ते काकांकडूनच.

---

कृष्णाकाठचा यांनी लिहिलं:

एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, ताई, मनापासून आभार. रूरकाठ, पदवी 2020 ची आहे, म्हणजे दार बंदच होत आलंय.

वडनेरे समितीचा अहवाल उतरवून घेतला. काल रात्री दीडपर्यंत वाचत होतो, आई दोनदा उठून बघून गेली. कंटाळा आला नाही, एवढं सांगतो. पण रीजनल म्हटलं की आमच्या इथले एक ओळखीचे आर्किटेक्ट हसले. म्हणाले, "प्रादेशिक योजना कोण करतंय आता? सगळीकडे प्राधिकरणं झाली. रीजनलवाल्याला कोण विचारतो?"

दुसरं, गेटला सीईचा (सिव्हिल) पेपर द्यायचा की एआर (आर्किटेक्चर व प्लॅनिंग)? आणि तिसरं, सरळमार्गींचा मुद्दा अजून डोक्यातून गेला नाहीये.

---

डिचोलीकर यांनी लिहिलं:

प्रादेशिक आराखड्याला कोण विचारतो म्हणणाऱ्या आर्किटेक्टना गोव्यात पाठवून द्या. आमच्याकडे प्रादेशिक आराखडा हा चहाच्या गाड्यावरचा विषय आहे. 2006 साली 2011 पर्यंतचा आराखडा अधिसूचित झाला, डोंगर आणि शेतं वस्तीखाली दाखवली म्हणून लोक रस्त्यावर आले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग 2021 पर्यंतचा आराखडा करायला कृतिदल बसलं, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया त्यात होते. गावागावाचे नकाशे पंचायतींकडे गेले, लोकांनी आपली तळी, बांध, देवराया दाखवून दिल्या. आमच्या गावात त्या नकाशावर झालेली ग्रामसभा दुपारी सुरू झाली ती दिवेलागणीला संपली. एका म्हाताऱ्याने काठीने नकाशावर दाखवलं की पोय (पाण्याची वाट) कुठून जाते, आणि अधिकाऱ्याने ती पेन्सिलीने काढली.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. 2023 पासून कायद्यातल्या 17(2) कलमाखाली एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलायला लागले आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. पण त्यामुळेच तर आराखडा वाचू शकणाऱ्या माणसाला इथे मागणी आहे. पंचायतीला हवा, वकिलाला हवा, आंदोलन करणाऱ्यांना हवा आणि बिल्डरलाही हवा. फुकट सल्ला मागणारे त्यात जास्त, एवढं खरं.

---

जुना_टीपी यांनी लिहिलं:

डिचोलीकर, पोय काढणारा अधिकारी मला आवडला.

कृष्णाकाठ, तुझे ओळखीचे आर्किटेक्ट अगदीच चुकीचं बोलले नाहीत. जिथे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं तिथे काम त्याच्या हातात गेलं. पण प्राधिकरण म्हणजे तरी काय? अनेक नगरपालिका, शेकडो गावं, एक नदी, दोन महामार्ग, एक कचरा डेपो ज्याला कुठलंच गाव जागा देत नाही. म्हणजे प्रदेशच की. मुंबई महानगर प्रदेशाची योजना 1973 ची, मग 1996 ते 2011 ची, आता 2036 पर्यंतची. ती करायला नियोजकच लागले. पाटीवर रीजनल लिहिलं की अर्बन, हे जाहिरातीत फारसं कोणी बघत नाही. तुझ्या प्रबंधात काय आहे ते मुलाखतीत विचारतात. प्रबंध कृष्णा-वारणेच्या पूरपट्ट्यावर कर. जलसंपदा खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा घे. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी ते लाल या पट्ट्यात बंधनं. त्या रेषा गावच्या गटांवर टाक, आणि कुठला गट कधी बिगरशेती झाला, कुठला 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाला, ते एकाखाली एक लाव. असं काम हातात असलेल्या उमेदवाराला मी तरी परत पाठवला नसता.

पेपरचं: सिव्हिलचा अभ्यास ताजा असेल तर सीई दे, पण ज्या संस्था तुझ्या मनात आहेत त्या कुठला पेपर धरतात ते माहितीपत्रकात आधी बघ. बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात, जागांची वाटणी मात्र वेगळी असते. एआर दिलास तर पहिला भाग सगळ्यांना सारखा आणि दुसऱ्यात आर्किटेक्चर की प्लॅनिंग ते निवडायचं. तू प्लॅनिंग घेशील हे उघड आहे. परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज पावसाळा संपता संपता.

सरळमार्गींचा मुद्दा डोक्यातून काढू नकोस. दोन्ही दोऱ्या धरून ठेवता येतात. गेटचा एआर पेपर आणि सहायक नगर रचनाकार यांच्या अभ्यासात नियोजनाची तत्त्वं बरीचशी सारखी आहेत; 1966 चा कायदा आणि बांधकामाची एकीकृत नियमावली हे मात्र राज्याच्या परीक्षेसाठी वेगळं करावं लागेल. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे या वर्षी पैशाची सोय झाली नाही तर पुढच्या वर्षी जा. लग्नाचं मात्र माझ्याकडे कलम नाही.

एक काम आधी कर. शामरावनगर ज्या गटांवर बसलंय त्यांचे नंबर काढ. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसतात, पण ओढा नेमका कुठून होता ते तिथे सापडेलच असं नाही. भूमी अभिलेखच्या कार्यालयात जाऊन जुन्या गाव नकाशाच्या नकलेचा अर्ज दे. फी किरकोळ असते. नक्कल हातात आली की तुझ्या पाइपलाइनच्या ड्रॉइंगवर ठेवून बघ.

---

कृष्णाकाठचा यांनी लिहिलं:

सोमवारी साइटला दांडी मारून भूमी अभिलेखला जातो. पाइपलाइनचं ड्रॉइंग आहेच माझ्याकडे, लेव्हलसकट.

सरळमार्गी, तुमच्याकडे नगर रचनेच्या मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका आणि कायद्याच्या नोट्स जास्तीच्या असतील तर द्याल का? झेरॉक्सचे पैसे पाठवतो.

---

सरळमार्गी यांनी लिहिलं:

देतो. एक वही भरून कलमं आहेत, अक्षर लावता आलं तर तुझं नशीब. पण तो ओढा सापडला की फोटो टाक, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना दाखवायचाय.

---

भूगोलवाली यांनी लिहिलं:

आणि नकलेवर उत्तर दिशा बघून घ्या. जुन्या नकाशांत ती नेहमी वरच असेल असं नाही.